पुढून दुसरी खाच

पुढची सीट हलेना. झालं होतं ते एवढंच. पन्नाशीला टेकलेल्या गाडीची सीट रुळावर गंजून बसली, तर त्यात नवल काही नाही. पण त्या दिवशी घरी येऊन हात धुताना, साबणाच्या फेसातून तांबूस पाणी बेसिनमध्ये उतरत असताना एकदम लक्षात आलं, की सीट गंजून बसली होती ती पुढे. स्टिअरिंगच्या इतकी जवळ, की मी आत शिरायला गेले तेव्हा माझा गुडघा खाली अडकला होता. गाडी टोचन करून गॅरेजला नेली तेव्हाही मिस्त्रींचा पोरगा पाय पार फाकवून कसाबसा बसला होता, आणि मी ते पाहूनही मनावर घेतलं नव्हतं. ही गाडी चालवली ती बाबांनी. सहा फुटांना दोन बोटं कमी असलेला माणूस. त्यांची सीट कायम शेवटच्या खाचेत, अगदी मागे. मग ती पुढे आणली कुणी?

आई आतल्या खोलीतच होती. मी विचारलं नाही. काय विचारायचं आहे, ते माझं मलाच उमगत नव्हतं.

गाडी १९७६ची प्रीमियर पद्मिनी. बाबांनी १९८४ साली ती जुनीच घेतली. नव्या गाडीला नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघायची त्यांची तयारी नव्हती. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली, नावही प्रीमियरचं, तरी आमच्याकडे तिला कुणी पद्मिनी म्हटल्याचं आठवत नाही. ती फियाटच. घरातली वडीलधारी मंडळी तिच्या आधीच्या गोलमटोल गाडीला डुक्कर फियाट म्हणायची, त्यामुळे आमची त्यांच्या लेखी नाजूक, देखणी. बाबा साखर कारखान्यात केमिस्ट होते. गळिताच्या हंगामात रात्रपाळी करून आले की त्यांच्याबरोबर मळीचा आंबूस-गोड वास गाडीत शिरायचा आणि पार चैत्रापर्यंत सीटमधून हलायचा नाही. बाबा २०११ मध्ये गेले. गाडी पत्र्याच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली राहिली. मग २०२३च्या ऑक्टोबरअखेर मुंबईतल्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीचा शेवटचा दिवस झाला. २००३ साली ताडदेवच्या आरटीओत नोंदलेली ती शेवटची टॅक्सी, वीस वर्षांची मुदत भरली म्हणून रस्त्यावरून उतरली. ती बातमी वाचली, हातातला कप तसाच ठेवला, शेडमध्ये गेले आणि ताडपत्री उचलली. पैसे जमायला आणि मनाची तयारी व्हायला त्यानंतर दीड वर्ष गेलं.

मला वाटलं होतं, काम इंजिनापासून सुरू होईल. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या आमच्या मिस्त्रींनी मान हलवली. "इंजिन कुठं पळून जात न्हाई ताई. आधी बाकडी भाईर काढूया. मग गाडी खरं बोलाय लागती." त्याचा अर्थ पुढच्या दोन दिवसांत कळला. काचेचं रबर वाळून कडक झालं, की पावसाचं पाणी डॅशबोर्डमागून उतरत पायाशी येतं. मॅटखाली नमदा, म्हणजे दाबलेल्या धाग्यांचा जाड थर असतो, तो हे पाणी पिऊन घेतो आणि महिनोन्‌महिने धरून ठेवतो. वरून सगळं कोरडं. रेक्झिनवरून हात फिरवला तर धूळ लागते, ओल नाही. आणि खाली, सीटच्या सावलीत, पत्रा वरच्या बाजूने कुजत जातो. सीट काढल्याशिवाय ते दिसत नाही, आणि दिसलं तरी सीट आत असताना वेल्डिंगची ठिणगी पाडता येत नाही. काथ्या आणि रेक्झिन बघता बघता पेटतात. म्हणून सीट आधी.

मागची सीट अर्ध्या तासात निघाली. बसायची गादी गुडघ्याने मागे दाबून पुढची कड वर उचलली, की ती सुटते. पाठीची बाजू खालून दोन स्क्रूंनी धरलेली आणि वर आकड्यांत अडकवलेली. स्क्रू काढून तिला सरळ वर उचलायचं, ओढायचं नाही. मिस्त्रींच्या पोराने ओढली असती, पण त्यांनी त्याचा हात धरला. गादीखाली जे सगळ्यांना सापडतं ते मलाही सापडलं: शेंगांची टरफलं, एक एसटीचं तिकीट, ॲल्युमिनियमचं षटकोनी वीस पैशांचं नाणं, माझी किंवा धाकट्या भावाची एक खोडरबराची चकती. मी ते सगळं एका डबीत भरलं. वाईट वाटलं नाही, उलट बरं वाटलं. आमचं लहानपण तिथे होतं आणि ते जसंच्या तसं निघालं.

प्रत्येक नट-बोल्ट मी वेगळ्या पिशवीत टाकत गेले आणि चिठ्ठी लावत गेले. काढण्याआधी एक फोटो, काढल्यावर एक. वॉशर कुठल्या बाजूला होता, पत्र्याची चिप किती जाड होती, ते चिठ्ठीवर. ही सवय बाबांची. प्रयोगशाळेत त्यांच्या प्रत्येक बाटलीवर तारीख आणि वेळ असायची, आणि घरी हिंगाच्या डबीवरसुद्धा.

तळ फार वाईट निघाला. मिस्त्रींनी स्क्रूड्रायव्हरचं टोक ठेवून नुसता अंगठ्याने दाब दिला, तर मागच्या डाव्या पायाशी ते बिस्किटात जावं तसं आरपार गेलं आणि खालची गॅरेजची फरशी दिसली. या गाडीला वेगळी चॅसिस नाही. तळ, खांब, छप्पर मिळूनच तिचा सांगाडा. तळ म्हणजे तिचा कणाच. सरसकट पत्रा कापत सुटलं तर गाडी मधून खचते आणि मग दारं कधीच नीट लागत नाहीत. म्हणून आधी चारी दारांच्या फटी मोजून लिहून ठेवायच्या, दाराच्या खांबांमध्ये लोखंडी अँगलचा तात्पुरता टेकू मारायचा, आणि मग एका वेळी हातभरच तुकडा कापून नवा बसवायचा. हे सगळं मिस्त्री सांगत होते, मी वहीत लिहून घेत होते आणि डोळे मात्र सारखे पुढच्या सीटकडे जात होते. टेकू मारायलाही ती आधी बाहेर यायला हवी होती.

आमच्या गाडीची पुढची सीट म्हणजे एक सलग बाक. गिअर स्टिअरिंगवर, त्यामुळे मधे काही अडथळा नाही, तिघं ऐसपैस बसतात. ती दोन रुळांवर सरकते, हव्या त्या खाचेत खटक्याने अडकते, आणि रूळ तळाला बोल्टांनी बसवलेले असतात. मागचे बोल्ट काढायला सीट पुढे घ्यायची, पुढचे काढायला मागे. आमची पुढे होती, म्हणून मागचे बोल्ट समोर होते. बारा-तेराचा पाना लागला आणि थोड्या कुरकुरीनंतर निघाले. पुढचे मात्र गादीच्या पोटाखाली. "मागं सरकल्याबिगर ते दिसायचं न्हाईत," मिस्त्री म्हणाले. "खटका सुटतोय, खरं रूळ धरल्यात. गॅस मारून लाल करावं लागंल, न्हाईतर रूळच कापूया." त्यांनी ते सहज म्हटलं. मी म्हटलं, कापू नका, तेल घालून बघू. तेल मारलं. आणि मग टॉर्च पाडून बघितलं: खटका पुढून दुसऱ्या खाचेत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई मेथी निवडत बसली होती. तेव्हा विचारलं.

"मीच की," आई म्हणाली. "बॅटरी उतरते ना."

मेथीच्या काड्या बाजूला पडत राहिल्या आणि ती सांगत राहिली, जणू मला हे माहीतच होतं. बाबा गेल्यावर दर रविवारी, माझा फोन येऊन गेला की, ती किल्ली घेऊन शेडमध्ये जायची. ताडपत्री अर्धी मागे सारायची. क्लच नीट दाबायला पाय पोहोचत नसे, म्हणून सीट पुढे घेतली. चोक ओढायचा, इंजिन सुरू करायचं, दहा मिनिटं चालू ठेवायचं. आणि टायर एका जागी बसू नयेत म्हणून गाडी हातभर पुढे, हातभर मागे. मी त्या वर्षांत पुण्यात होते. दर रविवारी फोनवर विचारायचे, काय करतेस? ती म्हणायची, काही नाही, बसलेय. २०१५ साली तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, क्लचचा पाय गेला आणि बॅटरी तेव्हापासून उतरली ती उतरलीच.

हातभर पुढे, हातभर मागे. चार वर्षं.

आई गाडी शिकली होती, हे मी विसरले नव्हते, पण ती आठवण मी कुठेतरी खाली ठेवून दिली होती. १९८५चा उन्हाळा. कारखाना बंद, कॉलनीमागच्या माळावर संध्याकाळी कुणी नसायचं. बाबा तिला शिकवायला न्यायचे आणि आम्ही दोघं मागे. सीटचं रेक्झिन दिवसभर तापलेलं असायचं, मांड्या भाजायच्या, म्हणून आई त्यावर पांढरा टॉवेल अंथरायची आणि तो घामाने अंगाखाली गोळा व्हायचा. आई जेमतेम चार फूट दहा. तिचे पाय पोहोचावेत म्हणून सीट पुढे घ्यायची, आणि बाक सलग, त्यामुळे शेजारी बसलेले बाबाही पुढे. त्यांचे गुडघे डॅशबोर्डला लागायचे. ते तिरके बसायचे, पाय दाराशी दुमडून, एक हात खिडकीबाहेर. आईचा क्लच अचानक सुटला की गाडी आचका खायची आणि बाबांचा गुडघा पत्र्यावर आपटायचा. पहिल्या दोन-तीन वेळा ते हसले. मग एकदा फार जोरात लागलं. ते ओरडले नाहीत. ओरडणारे नव्हतेच ते. नुसतं म्हणाले, "अगं, माझे गुडघे लोखंडाचे आहेत का?" आई काही बोलली नाही. माळावरच गाडी थांबवली, उतरून बॉनेटच्या पुढून वळसा घालून पलीकडे आली. "तुम्हीच चालवा." बाबांनी खाली हात घालून खटका ओढला आणि बाक मागे सरकला. तो आवाज मला आत्ताही ऐकू येतो, रुळावरून घरंगळत जाऊन खाचेत बसल्याचा, ठक्‌. आम्ही मागे बसलेलो, आमच्याच गुडघ्यांना पाठ लागली. त्यानंतर आई गाडी चालवायला बसली नाही. सीट कधी पुढे आली नाही.

आणि मला त्या बाकावर काय सुख मिळालंय ते कसं सांगू? मी त्या दोघांच्या मधे बसायचे. बाबांच्या डाव्या हातात गिअर. दर वेळी त्यांचं कोपर माझ्या खांद्याला हलकेच लागायचं. उजवीकडे मळीचा वास, डावीकडे आईच्या गजऱ्याचा. जोतिबाच्या घाटात वळणावर मी आधी आईवर कलंडायचे, मग बाबांवर. त्या आठवणीत आई नेहमी डावीकडे, पाय पुढे लांबवूनही कुठे न टेकलेले, चपलेचं टोक हवेत. बाबांच्या मापाने लावलेल्या बाकावर ती पंचवीसेक वर्षं तशी बसली. मला ते मधल्या जागेवरून रोज दिसत होतं आणि कधी दिसलं नाही.

बाबांवर राग धरावा असं मला वाटत नाही. त्यांचा गुडघा खरंच काळानिळा झाला होता. आईनेच रात्री त्याला हळद लावली. पण शेडमध्ये ती किल्ली घेऊन जात होती, हे मला चार वर्षांत कळलं नाही, याचा राग मला माझा येतो.

मिस्त्रींनी एक सुचवलं होतं. "हे बाकडं सोडा ताई. मारुतीच्या दोन बकेट सीट हायत माझ्याकडं, बसवून देतो. ज्यानं त्यानं आपापली पुढं-मागं करावी." पुढे पुढे पद्मिनीच्याही काही मॉडेलांना गिअर खाली आणि पुढे दोन सुट्या सीट आल्या होत्या, म्हणजे अगदीच परकं काही नव्हतं. जुन्या गाडीची रया राखणारी मंडळी हे ऐकून कानांवर हात ठेवतील. २०२१च्या जुलैपासून पन्नास वर्षांवरच्या गाडीला विंटेज म्हणून वेगळी नोंद मिळते, नंबरात व्हीए अक्षरं येतात, आणि गाडी मूळ रूपात असावी ही त्यातली अट. आमची त्या वयाला टेकलेलीच. पण मी दोन रात्री विचार करत होते तो वेगळाच. सुट्या सीट असत्या तर? आईने आपली पुढे घेतली असती, बाबा आपले मागे राहिले असते, गुडघा आपटला नसता. तिने गाडी चालवली असती. बाजाराला, शाळेत आम्हाला सोडायला, माहेरी कागलला. आणि मला मधली जागा नसती. मी ते बाक ठेवायचं ठरवलं, आणि यात माझा स्वार्थ किती आणि गाडीवरचं प्रेम किती, हे अजून मला वेगळं करता आलेलं नाही.

तेल तीन दिवस रोज सकाळ-संध्याकाळ घातलं. रुळाच्या खाचांत साठलेली धूळ आणि जुनं ग्रीस मिळून डांबरासारखं झालं होतं. ते मी जुन्या टूथब्रशने आणि सुईने खरवडून काढलं. चौथ्या दिवशी दुपारी मिस्त्रींनी बाकाच्या चौकटीला सागाचा ठोकळा लावला. पोराने खटका ओढून धरला. मिस्त्री हातोडा मारायला निघाले, तेव्हा मी थांबा म्हटलं. पिशव्यांवर चिठ्ठ्या लावायची सवय होती, पण ही गोष्ट पिशवीत घालता येत नव्हती. खिळ्याने रुळावर एक रेघ ओढली. मिस्त्री म्हणाले, "ते सॅंडब्लास्टिंगमधी जाईल की." मग वहीत लिहिलं: पुढून दुसरी खाच. तारीख, वेळ. त्यांनी ठोकळ्यावर तीन ठोके दिले, मग चौथा जरा तिरका, आणि लाकूड चिरफाळावं तसा आवाज होऊन बाक दोन बोटं मागे गेलं. मग चार बोटं. मग रांगत रांगत, करकरत, शेवटपर्यंत. पुढचे बोल्ट दिसले. दोन सरळ निघाले, एकाचं डोकं तुटलं, एक गॅस मारून काढला. आम्ही तिघांनी बाक दारातून आडवं बाहेर काढलं. रिकाम्या गाडीत तिथे नुसता गंज, चार भोकं, आणि रुळाखालच्या दोन पट्ट्या निळ्या, मूळच्या रंगाच्या, कालच मारल्यासारख्या.

कुशनवाल्या काकांनी आधी बाकावर हात फिरवला, मग बसून पाहिलं, मग उठून पक्कड घेतली. ते कव्हर फाडत नाहीत. तारेच्या कड्या एकेक करून उघडतात, शिवण ब्लेडने उसवतात आणि जुनं रेक्झिन जमिनीवर पसरून त्यावरून नवं बेततात. किती पन्हाळ्या, किती पायपिंग, सगळं तेच जुनं कव्हर सांगतं. आत गोणपाट, त्याखाली काथ्या, त्याखाली स्प्रिंगा. उजव्या बाजूचा काथ्या दबून पोळीएवढा झाला होता, बाबांच्या बैठकीचा खळगा. तीन स्प्रिंगा मोडलेल्या. मधल्या जागेचा काथ्या तसाच फुगलेला, पिवळाधमक. काका म्हणाले, फोम घातला तर मऊ लागेल, पण उंची वाढेल आणि चार वर्षांत बसेल. काथ्या घाम सोसतो. मी काथ्याच म्हटलं. खळगा ठेवता येतो का, असं विचारावंसं वाटलं होतं. विचारलं नाही. त्या खळग्यात आई बसायची ती रविवारी, आणि तिला तो किती मोठा पडत असेल.

गाडीचा तळ अजून व्हायचा आहे. डावी बाजू झाली, उजवी अर्धी. रंगाला पावसाळ्यानंतरचा मुहूर्त. गॅरेजमध्ये जागा नाही म्हणून बाक तयार होऊन आधी घरी आलं, पडवीत चार विटांवर ठेवलंय. रूळ रंगायला दिलेत. नव्या रेक्झिनचा वास अजून उग्र आहे, पण आई दुपारी तिथेच बसते, भाजी निवडायला, पेपर वाचायला. विटा कमीच लावल्या, तेव्हा पाय टेकतात. काल मी चहा घेऊन गेले, तर ती उजव्या टोकाला बसली होती आणि तिचा हात बाकाखाली काहीतरी चाचपत होता.

"खटका कुठाय गं?"

"रुळाबरोबर जातो तो. अजून आला नाही."

"बरं." तिने हात पदराला पुसला. "बसवताना ग्रीस भरपूर घाल म्हणावं त्यांना. पहिल्यापासून घट्ट होता तो. मला दोन्ही पाय लावून ओढावा लागायचा."